आईच्या मांड्या, चिनी धुरी आणि माझा गोंधळ

सुझौची सांगलीकर
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज अडलंय म्हणून लिहितेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली सहा वर्षं आम्ही सुझौला आहोत (शांघायपासून बुलेट ट्रेननं साधारण अर्धा तास). मार्चमध्ये आईला सांगलीहून इकडे आणलं. वय ७१, वजन ४६ किलो. गेल्या वर्षी डेंग्यूनं बारा दिवस अंथरुणात होती. तेव्हापासून चालते-फिरते, पण कमोडवरून उठताना टॉवेलच्या दांडीला लोंबकळते. जिना म्हटलं की तोंड पडतं. साडीत कळत नव्हतं. इथे पहिल्यांदा तिला न्हाऊ घातलं तेव्हा मांड्या बघून पोटात गलबललं. तिकडच्या डॉक्टरांचं म्हणणं, "वय झालं आता, टॉनिक देतो."

इथल्या वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. त्यांनी हातात एक यंत्र देऊन मूठ आवळायला सांगितली: १५ किलो. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठ-बस: १९ सेकंद. पोटरीला टेप लावली: २९ सेंमी. मग कागदावर तीन अक्षरं लिहून दिली, ज्यांचा अर्थ "स्नायू-कमी-आजार". इंग्रजीत सार्कोपेनिया. खालच्या मजल्यावर व्यायाम शिकवले आणि वरच्या मजल्यावर, म्हणजे पारंपरिक चिनी विभागात, आठवड्यातून तीनदा "आयजिऊ" लिहून दिलं. वाळलेल्या पाल्याची सिगारसारखी जाड कांडी पेटवतात आणि गुडघ्याखाली, बेंबीखाली, पाठीवर त्वचेपासून दोन बोटं अंतरावर धरतात. शेकतात म्हणा ना. खोलीत हा धूर!

आमची घरमालकीण पंचाहत्तरीची, खुटखुटीत. तिला आम्ही इथल्या रीतीनं "आयी" म्हणतो, म्हणजे मावशी. त्या पाल्यालाही "आय" म्हणतात. त्यामुळे सध्या घरात "आयी आईला आय लावायला नेते" असं वाक्य रोज होतं.

विचारायचं हे की कुणी हे घेतलंय का? शेकून स्नायू भरतात का खरंच? आणि सप्टेंबरात आई परत जाईल, तेव्हा कांड्या सोबत द्याव्यात का?

ओसरीवरचा
आयी-आई-आय वाचून उगाच डोळ्यांसमोर पहिलीचं पुस्तक आलं.
बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत. सतरंजी अंथरली आहे.

रंकाळा_पॉइंट
ताई, मांडी भरायची तर पांढरा रस्सा. धुरानं फक्त डास जात्यात.

फिजिओ_निगडी
@सुझौची सांगलीकर, सर्वात आधी त्या दवाखान्याचं कौतुक. सार्कोपेनियावरच्या आशियाई तज्ज्ञगटानं २०१९ साली ठरवलेल्या मोजमापात बाईची मूठ १८ किलोच्या खाली, पाच उठ-बशींना १२ सेकंद किंवा जास्त, पोटरी ३३ सेंमीपेक्षा बारीक, असे निकष आहेत. आई तिन्हीत बसतात. पुण्यात माझ्याकडे येणाऱ्या शंभर आजी-आजोबांपैकी कुणाचीही मूठ आधी कुणी मोजलेली नसते.

अंथरुणातले बारा दिवस हे खरं कारण असणार. अमेरिकेत सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट लोकांना मुद्दाम दहा दिवस झोपवून ठेवलं होतं (२००७ चा अभ्यास). फक्त पायांचाच जवळपास एक किलो स्नायू गेला. आजार नाही, ताप नाही, नुसतं झोपून. त्यात आईंना डेंग्यू, खाणं बंद. वयानुसार झटपट आकुंचन पावणारे तंतू आधी बारीक होतात, म्हणून ठेच लागली की सावरता येत नाही आणि खुब्याचं हाड मोडतं.

स्नायूला वाढायला ओझं लागतं. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात १९९० साली नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! मग ७१ म्हणजे काहीच नाही.

शेकाबद्दल माझं मत नंतर. आधी एक सांगा, आईंना साखर आहे का?

निवृत्त मास्तर
पाच उठाबशा १९ सेकंदांत. हे वाचून लगेच खुर्ची ओढली. वय ६८, मला १६ लागले. तीस वर्षं पोरांना उठाबशा काढायला लावल्या, त्यांचा तळतळाट असावा.

भाजणी
मास्तर 😀 मी पण केलं. ऑफिसात. ९ सेकंद, पण चौथ्याला गुडघ्याचा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत गेला.

शंकेखोर
धाग्याचा प्रश्न होता की शेकून स्नायू भरतात का. उत्तर: भरवशाचा पुरावा नाही. चीनमधून आलेले अभ्यास छोटे आहेत, आणि बहुतेकांत मोक्साच्या (म्हणजे ह्याच आयजिऊच्या शेकाच्या) जोडीला व्यायाम किंवा प्रथिनं असतातच. मग श्रेय कुणाचं? शिवाय पेटती कांडी पायाजवळ धरली की रुग्णाला कळतंच. खोटी गोळी देता येते, खोटा निखारा कसा देणार? तसे नकली मोक्साचे प्रयोग झालेत, पण ज्यानं लहानपणापासून तो वास घेतलाय त्याला फसवणं कठीण.

मोक्सावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास स्नायूंचा नव्हेच, पायाळू बाळांचा. जियांग्शी प्रांतात पोटात बाळ उलटं असलेल्या २६० बायका घेतल्या आणि निम्म्यांना पायाच्या करंगळीच्या नखाशी शेक दिला. पस्तिसाव्या आठवड्यात १३० पैकी ९८ बाळं सरळ झाली होती, न शेकलेल्यांत १३० पैकी ६२. हे १९९८ साली मोठ्या अमेरिकन नियतकालिकात छापून आलं. मग त्याच अभ्यासामागच्या इटालियन डॉक्टरनं इटलीत प्रयोग करून पाहिला, तर बायकांनी अर्ध्यात सोडून दिलं, अभ्यास थांबवावा लागला, आणि जेवढा झाला त्यात फरक दिसला नाही.

ओसरीवरचा
म्हणजे बाळ चिनी असेल तरच वळतं.

सुईवाला_ठाणे
मी अ‍ॅक्युपंक्चर करतो, त्यामुळे माझा पूर्वग्रह आधीच जाहीर करतो.

गुडघ्याखालचीच जागा का, हे कुणी विचारलं नाही, ते सांगतो. वाटीच्या खालच्या कडेपासून चार बोटं खाली आणि नडगीच्या बाहेर एक बोट, ही जागा झूसानली. बोटं रुग्णाची स्वतःची धरायची. चिनी वैद्यक अंगभर ऊर्जेच्या वाहिन्या मानतं, त्यातल्या जठराच्या वाहिनीवर ही येते; पायातल्या ह्या वाहिनीचं नाव यांगमिंग. चिनी वैद्यकाच्या सर्वात जुन्या संहितेत लुळ्या, वाळत चाललेल्या हातापायांवर एक अख्खा अध्याय आहे, आणि त्यात उपचाराचं सूत्र आहे: फक्त यांगमिंग धरा. कारण त्यांच्या मते मांस आणि हातपाय प्लीहेच्या ताब्यात. प्लीहा-जठर ही अन्न पचवून वाटून देणारी जोडी. ती थंडावली की माणूस खातो पण अंगी लागत नाही. म्हणून तिथे ऊब. सार्कोपेनिया हे नाव ग्रीक शब्द जोडून एका अमेरिकन संशोधकानं १९८८ च्या सुमारास सुचवलं. त्यामुळे जुन्या ग्रंथात हा आजार असणं शक्य नाही, पण आजचे चिनी वैद्य त्याला या जुन्या खणात ठेवतात.

प्लीहा म्हणजे आपली कापून काढता येणारी स्प्लीन नव्हे, ही त्यांची एक संकल्पना आहे. एवढं लक्षात घेतलं तर भांडण निम्मं कमी होतं.

नुसत्या मोक्सानं मांडी भरते असं मी कुणालाही सांगत नाही.

शंकेखोर
मग पैसे कशाचे घेता? (खरंच विचारतोय, खोचक नाही. थोडा खोचक.)

सुईवाला_ठाणे
गुडघा दुखत असेल तर शेकानं दुखणं कमी होतं, झोप लागते, काहींना भूक लागते. त्या अर्ध्या तासात कुणीतरी त्यांचं ऐकून घेतं, त्याचेही घेतो म्हणा.

फिजिओ_निगडी
हे मला पटतं. दुखतंय म्हणून उठाबशा न काढणारी आजी शेकल्यावर दहा काढत असेल, तर मी स्वतः कांडी धरीन.
पण साखरेचं उत्तर आलं नाही अजून.

वैद्यबुवा कोरेगाव
एक गंमत सांगतो. आपल्याकडे अग्निकर्म आहेच. सुश्रुतानं सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात सगळं मांडलंय. पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, शर, शलाका, गूळ, मध, तेल, अशी डागायची साधनं आणि कुठल्या थरासाठी काय. "क्षारादग्निर्गरीयान्" म्हणजे क्षारापेक्षा अग्नी श्रेष्ठ, कारण डागलेला रोग परत उलटत नाही. पण त्याच अध्यायात कुणाला करू नये ती यादी आहे, आणि तीत दुर्बल, बाल, वृद्ध आणि भित्रा, चौघेही आहेत.

चिनी ग्रंथात नेमकं उलट. सुई जिथे चालत नाही तिथे शेक, असं वचन आहे. अशक्त, गारठलेला, म्हातारा माणूस हेच त्यांचं शेकण्याचं गिऱ्हाईक. आपला डाग दुखऱ्या जागी, क्षणभर आणि तीव्र. त्यांचा शेक सौम्य आणि लांबलचक. त्यांचं "जिऊ" हे अक्षरच मुळी वर "दीर्घकाळ" आणि खाली "आग" असं जोडून होतं. तेव्हा "हे तर आपलंच, चीननं नेलं" अशी पोस्ट कुणी टाकण्याआधी हे वाचावं.

आईंना मी मात्र मांसक्षय समजून बृंहण, म्हणजे अंग भरून आणणारे उपचार, देईन. दूध, तूप, उडीद, अश्वगंधा, अभ्यंग. आणि व्यायाम अर्ध्या शक्तीनं.

मेळघाट_डायरी
वैद्यबुवांनी "बाल" म्हटलं म्हणून लिहितो. इकडे अजूनही पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्यानं चटके देतात. डंबा म्हणतात त्याला. असं बाळ आणतात तेव्हा पोट बघवत नाही. मोक्सा वेगळं आहे हे समजतं, पण "भाजण्यात औषध आहे" हे वाक्य मला कुठल्याही भाषेत ऐकवत नाही. माफ करा.

रंकाळा_पॉइंट
आमच्या आज्ज्याच्या दंडावर काविळीचा डाग हुता. म्हणायचा, कावीळ गेली पर डाग ऱ्हायला. आता वाटतंय कावीळ आपोआप जाणारच हुती.

निशिकासाई
तोक्योहून लिहितेय. जपानी लोक ह्याला ओक्यू म्हणतात, आणि मोक्सा हा शब्दही जपानी "मोगुसा"वरूनच युरोपात गेला. इथे औषधांच्या दुकानात बुडाला चिकट कागद असलेले छोटे मोक्से मिळतात. चिकटवायचं, पेटवायचं, विझलं की काढायचं. धूर नको असेल तर बिनधुराचेही.

गुडघ्याखालची ती जागा इथे "सान्री". कवी बाशो १६८९ मध्ये उत्तरेच्या लांबच्या पायी प्रवासाला निघाला तेव्हा त्यानं तयारी काय केली, तर फाटकी विजार शिवली, टोपीला नवी दोरी लावली आणि सान्रीवर मोक्सा जाळला. म्हणजे चालण्याच्या ताकदीशी ती जागा जोडलेली होतीच.

आणि मास्तरांसाठी: जपानीत "ओक्यू लावणे" म्हणजे एखाद्याला चांगलं झापणे. पूर्वी द्वाड पोरांना खरंच लावत.

निवृत्त मास्तर
हे आधी कळलं असतं तर मी कशाला उठाबशा मोजत बसलो असतो. (ह. घ्या.)

जोतिबाच्या नावानं
तो पाला कसला आहे नक्की? फोटो टाका की. आमच्या दवण्यासारखा वास येतो का?

सुझौची सांगलीकर
सगळ्यांचे आभार, एवढा प्रतिसाद येईल असं वाटलं नव्हतं. सवडीनं एकेकाला उत्तर देते.

@जोतिबाच्या नावानं: गंमत म्हणजे आईनं पहिल्याच दिवशी कांडी नाकाशी धरली आणि "अगं, हा तर दवण्याचा भाऊबंद" म्हणाली. शोधलं तर खरंच एकाच कुळातले! आपला दवणा आर्टेमिसिया पॅलेन्स, हा आर्टेमिसिया आर्गी. मलेरियावरचं ज्यातून औषध काढलं आणि तू योयो बाईंना २०१५ चं नोबेल मिळालं, तीही ह्यांचीच चुलत बहीण. पण जळताना दवण्यासारखा गोड अजिबात नाही, कडवट, कॉलेजच्या गच्चीवरच्या पार्टीसारखा वास येतो. समझदार को.

इथे पाचव्या चांद्र महिन्याच्या पंचमीला, ड्रॅगन बोटीच्या सणाला, दारावर ह्याच्या जुड्या टांगतात. आपल्या गुढीपाडव्याच्या कडुनिंबासारखं. उत्तम पाला हुबेई प्रांतातल्या छीचुनचा म्हणे. सोळाव्या शतकात वनस्पतींचा प्रचंड कोश लिहिणारे वैद्य ली शिझेन त्याच गावचे. आयी पाला विकत घेताना तो किती वर्षं मुरलाय ते आधी विचारते, आपण तांदूळ जुना आहे का विचारतो तसं. मेन्सियस ह्या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या काळापासून म्हण आहे त्यांची: सात वर्षांच्या दुखण्याला तीन वर्षांचा आय शोधायचा.

@फिजिओ: हो, साखर आहे. चौदा वर्षं. गोळ्या चालू आहेत. का हो?

फिजिओ_निगडी
कारण चौदा वर्षांच्या साखरेत पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. मोक्साचा सगळा सुरक्षेचा हिशोब "गरम लागलं की सांगा" ह्यावर चालतो. ज्याला लागतच नाही तो सांगणार काय? दवाखान्यात पायाला नायलॉनचा बारीक तंतू टोचून बघतात, ती तपासणी करून घ्या. होईपर्यंत पायाला शेक बंद. घरी तर नकोच नको.

सोलापुरी_चादर
जरा अवांतर. चीन आणि वैद्यकी निघाली आणि डॉ. कोटणीसांचं नाव नाही? आमच्या सोलापूरचे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं त्यात होते, ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच गेले, वय ३२. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि भारतात घेऊन आले. म्हणजे ठाणेकरांच्या सुईचा धागा असा सोलापूरजवळून जातो.

सुईवाला_ठाणे
अगदी. आणि आता महाराष्ट्रात ह्यासाठी वेगळा कायदा आणि परिषदही आहे. तेव्हा निदान नोंदणी बघून तरी जा, गल्लीतल्या कुणाकडेही नको.

एक किस्सा, पुरावा म्हणून नव्हे. बाराव्या शतकात डौ त्साय नावाचा वैद्य मोक्साचा कट्टर भक्त होता. त्यानं लिहून ठेवलंय की वांग चाओ नावाचा एक दरोडेखोर नव्वदीतही दणकट होता. पकडला गेला. मारण्याआधी विचारलं, बाबा रे, रहस्य काय? म्हणाला, दरवर्षी उन्हाळा सरताना बेंबीखालच्या ग्वानयुआन ह्या जागेवर हजार मोक्से जाळतो. मेल्यावर पोट फाडून पाहिलं तर तिथे हाडही नाही, मांसही नाही, असा दगडासारखा गोळा.

ओसरीवरचा
दरोडेखोराचा व्यायाम कुणी मोजला नाही. रोज भिंती चढायच्या, पोती उचलायची, धावायचं. @फिजिओ, हाच तुमचा कंट्रोल ग्रुप.

शंकेखोर
आजचा सर्वोत्तम प्रतिसाद. धागा बंद करा.

सुझौची सांगलीकर
बंद नका करू, भानगड झालीय.

परवा शनिवारी मी बाजारात गेले असताना आयीनं तिच्या लाकडी डबीत कांडीचे तुकडे घालून आईच्या गुडघ्याखाली पट्ट्यानं बांधून दिले. प्रेमानंच हो. आई मालिका बघत बसली. संध्याकाळी उजव्या पायावर रुपयाएवढा फोड. तिला कळलंही नव्हतं. फिजिओताई, तुमचा प्रतिसाद मी शुक्रवारी वाचला होता आणि आयीला सांगायचं राहून गेलं. रात्रभर झोप नाही.

दवाखान्यात मलमपट्टी झाली, फोड फोडला नाही, साखरही तपासली. आणि आता ऐका: आयी फोड बघून खूश! म्हणे जुनी म्हण आहे, सुखी राहायचं तर सान-ली (गुडघ्याखालची तीच झूसानलीची जागा) कधी कोरडं पडू देऊ नका. पूर्वी मुद्दाम फोड आणून वाहता ठेवत. मी भडकले, मोडक्यातोडक्या चिनीत काय वाटेल ते बोलले. दोन दिवस तिनं तोंड दाखवलं नाही. आज दारात डंपलिंगचा डबा ठेवून गेलीय. रडू आलं.

मेळघाट_डायरी
आधी रोज जखम बघा, बाकी सगळं नंतर. लाली पसरली, ताप आला तर त्याच तासाला दवाखाना.
आणि त्या आजीबाईंशी बोला. आमच्याकडेही विळा तापवणारी बाई वाईट नसते. तीच रात्रभर बाळाला मांडीवर घेऊन बसलेली असते. म्हणून तर अवघड आहे.

फिजिओ_निगडी
स्वतःला बोल लावू नका. ती तंतूची तपासणी मात्र ह्याच आठवड्यात. दुखऱ्या पायावर जोर न देता बसल्याबसल्या गुडघा सरळ करायचा व्यायाम चालू ठेवा, आणखी दहा दिवस अंथरूण नको.

भाजणी
सगळे शेकण्यावर भांडतायत, खाण्याचं कुणी विचारलंच नाही. काय जेवतात काकू?

सुझौची सांगलीकर
सकाळी चहा-खारी, मग पोहे किंवा उपमा. दुपारी भात-आमटी, भाजी. रात्री "भूक नाही" म्हणून दूधभात. चतुर्थी, एकादशी, सोमवार आहेतच. अंडं वर्ज्य.

भाजणी
हात्तिच्या! ह्यात जेमतेम तीस ग्रॅम प्रथिनं निघाली तरी खूप. वयस्कांना किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम सांगतात, म्हणजे काकूंना ४६ ते ५५. साखरेमुळे मूत्रपिंडाचा रिपोर्ट आधी बघून घ्या, तो ठीक असेल तर वाढवा. तुम्ही तर टोफूच्या माहेरी राहता! पनीर म्हणून भुर्जी करून घाला. सकाळी पोह्यांत मूठभर शेंगदाणे, मुगाचं धिरडं, दुपारी वरण पातळ नको, गोळीचं. रात्री दूधभाताऐवजी दह्यातला टोफू. एकाच जेवणात सगळं कोंबू नका, तिन्ही वेळा वाटून द्या. आणि सोमवारी साबुदाणा नाही, राजगिरा-दूध-दाणे.

रंकाळा_पॉइंट
रस्सा म्हटलं तवा हसलात. शेवटी प्रथिनावरच आलात न्हवं?

वैद्यबुवा कोरेगाव
बृंहण म्हणजे दुसरं काय सांगितलं होतं मी! पचनाकडे बघून वाढवा एवढंच. सुंठ घालून ताक द्या.

ओसरीवरचा
चीन, बोस्टन, कोरेगाव आणि रंकाळा यांचं एकमत झाल्याची नोंद घ्यावी.

सुझौची सांगलीकर
चार महिन्यांनी धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी व्यनितून विचारलं म्हणून.

तपासणीत दोन्ही तळपायांची जाणीव कमी निघाली, म्हणून पायाचा शेक दवाखान्यानंच बंद केला. पाठीवर चालू ठेवला, तिथे तिला नीट कळतं, आणि तिथली नर्स स्वतःचं बोट आईच्या त्वचेवर ठेवून अंदाज घेते. फोड बरा झाला, डाग राहिला. (रंकाळावाले, तुमच्या आज्ज्यांची आठवण झाली.)

आयीशी समेट झाला. तिला सांगितलं, पायाला काही लावायचं नाही, पण रोज सकाळी आईला तू न्यायचं. मग दोघी नऊशे मीटर चालत दवाखान्यात जायच्या, वाटेत सोसायटीच्या बागेतल्या म्हाताऱ्या मंडळींबरोबर हातवारे करायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आई मराठीत सुनेच्या तक्रारी करायची (मला वहिनी आहे), आयी चिनीत तिच्या. वाळूची पिशवी घोट्याला बांधून पाय उचलणं, खुर्चीच्या उठाबशा, टोफूची भुर्जी, सगळं चालू होतं.

निघायच्या आधी परत मोजलं. मूठ १५ वरून १७.५. पाच उठाबशा १९ वरून १३ सेकंद. वजन ४८. टॉवेलची दांडी सुटली, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं.

आता कशानं झालं? आईला विचारलं तर "त्या शेकानंच बाई, पाठ मोकळी झाली." खालच्या मजल्यावरची व्यायामवाली म्हणते व्यायामानं. आयी म्हणते, मी नेलं म्हणून.

फिजिओ_निगडी
१३! वा! १२ च्या खाली आणा. सांगलीत गेल्यावर सोडू नका, दोन आठवडे बंद केलं तरी उतरतं.
आणि हो, शेक नसता तर त्या रोज तिथवर चालत गेल्या असत्या का, हा प्रश्न मी माझ्यापुरता उघडा ठेवते.

शंकेखोर
एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे माझं वाक्य कुठेतरी चिकटवून ठेवा. बाकी काकूंचं मनापासून अभिनंदन. आईला खुर्चीवर बसवून मीही मोजलं काल. १७ आले. उद्यापासून सुरू.

निवृत्त मास्तर
मी १२ वर आलो. तळतळाट ओसरतोय.

जोतिबाच्या नावानं
कांड्या दिल्यात का शेवटी सोबत?

सुझौची सांगलीकर
मी नाहीच म्हटलं होतं. पण आयीनं आईच्या नकळत बॅगेत सहा घातल्या, तिळाच्या वड्यांच्या खाली. सांगलीत पोचल्यावर आईनं शेजारच्या काकूंच्या पाठीवर एक पेटवली. अर्ध्या तासात सोसायटीचे सेक्रेटरी दारात: "काकू, वरच्या मजल्यावरची कॉलेजची पोरं गांजा ओढतायत असा वास येतोय, तुम्हाला काही कल्पना?"

आई म्हणाली, "बघते हं, मीच जाऊन विचारते." आणि दोन मजले चढून गेली.

ओसरीवरचा
दांडीला न धरता?

सुझौची सांगलीकर
जाताना न धरता. उतरताना धरलं म्हणाली. कांडी अजून हातातच होती.